चिंचेनं घासलेलं बटण

अमेरिकेतल्या कॅरी गावातला त्र्यंबक आठवडाभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा आणि शनिवारी मालकांची परवानगी काढून, मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालायचा. दीडशे वर्षांपूर्वी यादवी युद्धातल्या फौजा इथून गेल्या, त्यांचं काहीबाही मातीत राहिलंच असणार, एवढ्या भरवशावर या गृहस्थानं तीन वर्षांत बिअरचे सव्वाशे डबे उकरले. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातले म्हातारे त्याला प्रेमानं 'कॅनमॅन' म्हणत. प्रेम त्यांचं, जळफळाट याचा.

मार्चमध्ये एका तंबाखूच्या शेतात यंत्र किंचाळलं आणि वीतभर खाली निघालं सैनिकाच्या कोटाचं पितळी बटण. गरुडाच्या छापाचं, हिरवंकाळं. त्र्यंबक चिखलात फतकल मारून बसला आणि चक्क रडला. पुढच्या रविवारी क्लबचं प्रदर्शन होतं. आता बघू कोण कॅनमॅन म्हणतं ते.

या छंदात एक दंडक असतो: हिरवा थर घासायचा नाही, तोच वस्तूच्या वयाचा दाखला. त्र्यंबकनं बटण ओट्यावर वाटीभर पाण्यात भिजवलं आणि तो ऑफिसला गेला. नागपूरहून आलेल्या आईला सांगायचं तेवढं राहिलं.

मालिनीबाईंच्या लेखी कळकट पितळ म्हणजे घराची बेअब्रू. संध्याकाळी बटण निरांजनाशेजारी झगमगत होतं.

"चिंच-मीठ लावलं न बाळा. किती मळवलं होतं कोणी."

त्र्यंबकला रात्रभर झोप लागली नाही.

प्रदर्शनात परीक्षक होता वॉल्टर, निवृत्त सार्जंट. त्यानं बटणाकडे एकदा पाहिलं आणि शेजारी 'नक्कल' अशी चिठ्ठी ठेवली. मागे कुणीतरी "कॅनमॅन" म्हणून खुसखुसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्र्यंबकला झालं.

"काय म्हणतो तो?" सोबत आलेल्या आईनं विचारलं.

"खोटं आहे म्हणतो. फार चकचकीत आहे."

"तो शिपाई होता न? मग विचार त्याला, तो बटणं काळी ठेवत होता का? ज्याचं हे होतं तो पोरगा रोज घासत असेल. आता तो नाही, म्हणून मी घासलं."

त्र्यंबकनं अडखळत सगळं इंग्रजीत सांगितलं. बावीस वर्षं रोज सकाळी बटणं घासलेल्या वॉल्टरनं बटण पुन्हा हातात घेतलं. त्यानं भिंग काढलं, बटण उलटं केलं. मागच्या कडीच्या बेचक्यात चिंच पोचली नव्हती, तिथे हिरवा थर शाबूत होता.

बक्षीस अर्थात दुसऱ्याला गेलं. पण वॉल्टरनं ती चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली: 'अस्सल. सैनिक परेडच्या तपासणीसाठी सज्ज.'