पंचवीसपैकी सहा आणि दासीचं प्राकृत

पाहुण्या परीक्षकांनी निर्मलाच्या नावापुढे पेन्सिलीनं सहा लिहिलं आणि पुढच्या विद्यार्थ्याला आत पाठवा म्हणाले. मी म्हटलं, जरा थांबा. शिपायाला सांगितलं, दार लावून घे.

एम.ए.च्या नाटकाच्या पेपरला तेव्हा पंचवीस मार्कांची तोंडी परीक्षा असे. पेपरचं नाव ‘अभिजात आणि आधुनिक नाटक’. म्हणजे अर्ध्या वर्षात संस्कृत नाटकं, तीही मराठी भाषांतरातून, आणि उरलेल्या अर्ध्यात आजची. तोंडीला दोन परीक्षक लागतात. एक शिकवणारा, तो अंतर्गत. दुसरा विद्यापीठानं पाठवलेला, तो बाहेरचा. कागदावर दोघं बरोबरीचे. प्रत्यक्षात बाहेरचा प्रश्न विचारतो आणि आतला चहा मागवतो. तोंडीत दहाच्या खाली आलात तर लेखी कितीही चांगली जावो, पेपर गेला.

निर्मला दातिवऱ्याची. घरची होडी, मासेमारी. ती बोईसरच्या एका ज्युनिअर कॉलेजात तात्पुरती शिकवत होती. संस्थेनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, यंदा एम.ए. झालात तर कायम करू, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. दुसरं कोण हे गावभर माहीत होतं. सचिवांची मेहुणी एम.ए. होऊन घरी बसली होती. तेव्हा त्या पेन्सिलीच्या सहाचा अर्थ मला लगेच कळला. पाहुण्यांना कळण्याचं कारण नव्हतं, आणि त्यांना ते कळवून दया मागायची माझी तयारी नव्हती.

तात्पुरती नोकरी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मी चिंचणीची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पालघरच्या या कॉलेजात कायम होण्यासाठी मी दर उन्हाळ्यात संस्थेशी घासाघीस केली आहे. एकदा पगार सोडून तास वाढवून घेतले, एकदा तास सोडून हुद्दा मागितला. भांडकुदळ बाई असं माझं नाव तेव्हाच पडलं. ते मी खोटं म्हणत नाही.

मी पाहुण्यांना विचारलं, सहा कशाबद्दल?

“यांना वाचता येत नाही,” ते म्हणाले. “पुस्तकात ‘आहे’ छापलंय, त्या ‘हाय’ वाचतात. ‘नाही’चं ‘नाय’. एम.ए.ला बसलेली मुलगी, मॅडम. मी दहावीलाही पास केलं नसतं.”

झालं होतं असं. त्यांनी नेमलेलं नाटक उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि राणीच्या दासीचं भाषण वाचायला सांगितलं. निर्मलानं ते वर्गात वाचायची तसंच वाचलं. दासी विदूषकाला झापते आहे. छापील वाक्य असं होतं, ‘आपण नुसते बोलता, बाईसाहेबांचा जीव कासावीस झाला आहे ते आपल्याला दिसत नाही.’ निर्मलानं वाचलं, “तुमी नुसते बोलता, बाईसाहेबांचा जीव कासावीस झाला हाय, ते तुमाला दिसत नाय.” कमरेवर हात ठेवला नव्हता एवढंच.

हे वर्गात कसं सुरू झालं ते सांगते. संस्कृत नाटकात सगळी पात्रं संस्कृत बोलत नाहीत. राजा, मंत्री, ऋषी संस्कृत बोलतात. बायका, दासी, शिपाई, विदूषक प्राकृत बोलतात, म्हणजे त्या काळची लोकांची भाषा. राजा एका भाषेत विचारतो, दासी दुसऱ्या भाषेत उत्तर देते आणि दोघांनाही सगळं समजतं. हा त्या नाटकांचा नियमच आहे. पण आमच्या हातातल्या भाषांतरात राजापासून द्वारपालापर्यंत सगळे एकसारखे बोलत होते, व्याकरण तपासून घेतल्यासारखे.

माझा वर्ग संध्याकाळचा. निम्मे तारापूरच्या कारखान्यांतले, पहिली पाळी करून आलेले. बाकीचे शिक्षक. प्राकृतचा नियम मी फळ्यावर लिहिला, दोनदा समजावला. त्यांनी तो उतरवून घेतला आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मी चिडून म्हटलं, हे बघा, राजा छापील बोलेल, बाकीच्यांनी आपापल्या घरचं बोला. निर्मलाकडे दासी होती. तिनं पहिलं वाक्य म्हटलं आणि मागच्या बाकावर रोज डुलक्या काढणारा पाम गावचा एक गडी खो खो हसला. म्हणाला, ही तर आमची आत्या. त्या दिवसापासून वर्गाचा तोच रिवाज झाला. राजा छापील, बाकी घरचं. प्राकृत म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

पाहुण्यांनी दासीचं भाषण काढलं, तेव्हा निर्मलानं दासीच्या भाषेत वाचलं. राजाचं काढलं असतं तर तिनं छापील वाचलं असतं, आणि त्यांच्यापेक्षा स्वच्छ.

हे मी त्यांना सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. ते पेनचं टोपण उघडझाप करत ऐकत होते. मग म्हणाले, “हा तुमचा वर्गातला खेळ झाला. परीक्षा वेगळी.”

मी म्हटलं, “मघाशी तुम्ही त्या दुसऱ्या मुलाला आधुनिक नाटकावर विचारलंत. त्यातला नोकर गावाकडचं बोलतो, त्याला तुम्ही स्वतः वास्तववाद म्हणालात. मान डोलावलीत. आजच्या नाटकातला नोकर ‘हाय’ म्हणाला तर वास्तव, आणि जुन्या नाटकातली दासी म्हणाली तर अशुद्ध? जुन्या नाटककारानं तर हे नियम करून लिहिलंय. तुमच्या भाषांतरकारानं ते पुसलं. या मुलीनं ते परत जागेवर ठेवलं. याला मार्क कमी होतात की जास्त?”

टोपण थांबलं. मला वाटलं, पटलं. पटलंच होतं, पण किती ते मला त्या दिवशी कळलं नाही.

इतक्यात प्राचार्य दार ढकलून आत आले. आमचे प्राचार्य भला माणूस, पण पाहुणा म्हटलं की ते दबून जात. म्हणाले, बाई, तुमचा आवाज ऑफिसात येतोय. जेवण तयार आहे, पापलेट गार होतंय. पाहुण्यांकडे वळून त्यांनी माझ्या वतीनं माफीही मागून टाकली. मी म्हटलं, जेवा तुम्ही, मी सही करत नाही.

गुणपत्रिकेवर दोघांची सही लागते, आणि ती पाकिटात घालून लाखेनं बंद करून बाहेरच्या परीक्षकालाच सोबत न्यायची असते. माझी सही नाही तर पाकीट नाही. त्यांना दुपारची गाडी गाठायची होती, ती चुकली तर पुढची संध्याकाळी. हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही कळलं. प्राचार्य खुर्चीच्या कडेवर टेकले.

“ठीक आहे,” पाहुणे म्हणाले. “दहा करतो. पास होईल.”

“अठरा,” मी म्हटलं.

“मॅडम, ही काय मंडई आहे का?”

“सहाचे दहा तुम्हीच केलेत, सर. मी फक्त पुढे मोजतेय.”

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. पाहुणे अकरावर आले. मी सतरावर. दहा किंवा अकरा मला नकोच होते, कारण बरोबर काठावरचे मार्क म्हणजे दयेचे मार्क, ते बघणाऱ्याला कळतं. मी म्हटलं, तिला पुन्हा बोलवा आणि राजाचं भाषण वाचायला द्या. तिथे अडखळली तर तुमचे सहा कायम, मी लगेच सही करते.

निर्मलाला आत बोलावलं. तिला वाटलं आपण नापास झालो आणि सांगायला बोलावलंय. तिनं राजाचं भाषण वाचलं. लांबलचक, सामासिक शब्दांनी भरलेलं. एकदाही अडली नाही. वाचून झाल्यावर पाहुण्यांनी विचारलं, मग मघाशी तसं का वाचलंत?

“दासी राजासारखी कशी बोलेल, सर?” ती म्हणाली. “राजा तिला हाकलून देईल.”

पाहुणे हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. तेरावर सौदा मिटला. पेन्सिलीचा सहा खोडून पेननं तेरा लिहिले, मी सही केली, लाख लागली, आणि प्राचार्यांनी गार झालेलं पापलेट पुन्हा गरम करायला लावलं. मी जेवायला बसले नाही. इतकी दमले होते की स्टाफरूममध्ये डोकं टेबलावर ठेवून बसून राहिले.

निर्मला पास झाली. संस्थेनं थोडी टाळाटाळ केली, पण तिला कायम केलं. सचिवांच्या मेहुणीला दुसरीकडे लावलं.

मला मात्र त्यानंतर कुठल्याही केंद्रावर परीक्षक म्हणून बोलावणं आलं नाही. का, ते कुणी लेखी कळवत नाही. आमच्याच कॉलेजात पुढच्या वर्षी तोंडीसाठी अंतर्गत परीक्षक म्हणून माझ्यापेक्षा धाकट्या सहकाऱ्याचं नाव गेलं. तो नाटक शिकवतही नव्हता. मी प्राचार्यांशी भांडले. ते म्हणाले, बाई, तुम्हाला विश्रांती मिळेल.

दोन-तीन वर्षांनी मुंबईत प्राध्यापकांचा उजळणी वर्ग होता, म्हणजे शिकवणाऱ्यांना पुन्हा शिकवण्याचा वर्ग. हजेरी लावल्याशिवाय बढती नाही, म्हणून गेले. एका दुपारी व्याख्यानाला तेच पाहुणे उभे राहिले. विषय होता अभिजात नाटकातलं प्राकृत आणि आजच्या बोली. त्यांनी राजाची भाषा, दासीची भाषा, भाषांतरात पुसलेला फरक, आधुनिक नाटकातला नोकर, सगळं क्रमानं मांडलं. माझ्याच क्रमानं. मग म्हणाले, उत्तर कोकणच्या एका केंद्रावर मी हा प्रयोग एका कोळी समाजातल्या विद्यार्थिनीकडून करून घेतला. आणि निर्मलाचं ते दासीचं वाक्य त्यांनी म्हणून दाखवलं. चुकीचं म्हणाले. ‘हाय’ आणि ‘नाय’ भलत्याच जागी घातलं. सभागृह तरीही हसलं.

प्रश्नांची वेळ आल्यावर मी उभी राहिले. विचारलं, “सर, त्या विद्यार्थिनीला तुम्ही आधी किती मार्क दिले होते?”

त्यांनी मला ओळखलं. “तपशील आता आठवत नाही,” ते म्हणाले.

“पंचवीसपैकी सहा,” मी म्हटलं. आणखी बोलणार होते, पण अध्यक्षांनी चहा जाहीर केला. माणसं उठली. चहाच्या रांगेत पुढच्या बाई मला म्हणाल्या, काय सुंदर मांडलं नाही सरांनी? मी हो म्हटलं. भांडायचं बळ त्या दिवशी राहिलं नव्हतं.

परत आल्यावर हे सगळं मी निर्मलाला सांगितलं. ती बोईसरला भाड्याच्या खोलीत राहत होती. वाटलं, तिला राग येईल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते बोलले ते खोटं हाय का, मॅडम?”

म्हटलं, प्रयोग त्यांनी करून घेतला एवढं खोटं. प्राकृताबद्दल मांडलं ते शब्दन्‌शब्द खरं.

“मग बोलू दे. नोकरी तर नाय ना नेली त्यांनी.”

तिची नाही नेली, हे खरं आहे. माझंही काही नेलं असं कागदावर दाखवता येणार नाही. तरुण प्राध्यापक कधी सल्ला विचारायला येतात तेव्हा मी एवढंच सांगते. परीक्षकाशी भांडायचं असेल तर फक्त मार्क मागा. कारणं देऊ नका. मार्क तुमच्या विद्यार्थ्याकडे राहतात, कारणं परीक्षक घेऊन जातो.