दगडूदादाचा गोचिडांचा डबा

आमच्या करकंब गावचा शेजारी मी नोकरीला होतो त्या गिरणीच्या फाटकाशी पटका हातात घेऊन उभा दिसला, तेव्हाच समजलो... दगडूदादा गेला. दादा माझा थोरला चुलतभाऊ. जनावरं त्याची आणि पुस्तकं माझी, ही वाटणी लहानपणीच झालेली. कुठल्याही बैलाची शिंगं मला माझ्याच दिशेनं वळलेली दिसत, म्हणून मी तक्रार केली नाही.

वहिनी बाळंतपणात गेली, तान्ही तारा मागं राहिली. तिच्या दुधासाठी दादानं सोलापुरातल्या एका साहेबाच्या बंगल्यावरची विलायती रक्ताची गाय आणली. फरशीवर वाढलेली, माझ्याइतकीच नाजूक. नवं जनावर रुळावं म्हणून आमच्याकडे ते जुन्यांच्या मधे बांधतात. दादानंही तिला दोन खिल्लारी बैलांच्या मधे बांधलं. पंधरवड्यात तिला ताप भरला, रवंथ थांबलं, मूत कातासारखं लाल झालं. दादा उष्णता समजून ताक पाजत राहिला. पंढरपूरहून डॉक्टर आले. गोचिडांमधून किडा रक्तात शिरतो, गोठ्यातल्या बैलांना तो लहानपणापासून सवयीचा असतो, हिला नव्हता, असं त्यांनी सांगितलं.

"म्हंजी म्याच तिला त्येंच्यात बांदली की," दादा एवढंच बोलला.

डॉक्टरांनी मानेच्या शिरेत निळं औषध सोडलं. चुन्यासारख्या पांढऱ्या हिरड्या निळसर झाल्या, लाल काही झाल्या नाहीत. उजाडताना गाय गेली. तारा धनगरांच्या शेळीच्या दुधावर कशीबशी तगली.

तेव्हापासून रोज सकाळी रॉकेलचा डबा घेऊन दादा गोठ्यात. बैलांच्या कानामागं, शेपटीखाली, जांघेत बोटं फिरवायची, गोचीड ओढून डब्यात टाकायचा. पूजा आटोपली का, म्हणून मी चिडवायचो. त्यावर एकदा त्यानं माझेही कान तपासले होते, आणि मी मुकाट्यानं तपासू दिले होते.

शेवटच्या भेटीत तो तापानं फणफणला होता. उशाशी सासरहून आलेली तारा. दादाची बोटं तिच्या कानामागं चाचपडत होती.

"आबा, तितं काय न्हाय."

"बगू दे की."

तारानं मान आणखी खाली केली...

दिवसकार्य उरकल्यावर सकाळी गोठ्यात गेलो. खुंटीला डबा तसाच होता. थोरल्या बैलानं मान खाली घालून कान पुढं केला. मी जीव मुठीत धरून हात लावला. एक गोचीड निघाला, तो डब्यात टाकला. वाटलं, सुटलो.

मग त्यानं दुसरा कान पुढं केला.