लेकीच्या खिडकीतली खुर्ची

लेकीच्या घरी जाऊन मी तिची खुर्ची उलटी फिरवून आले. वर ती का फिरवली, हे वर्गातल्या बायकांना समजावूनही सांगितलं. शहाणपणाला त्या दिवशी सुट्टी होती.

आता नात झाली, लातूरला जाऊन मी चार-चार दिवस राहते. पण तेव्हा लेक नुकतीच नांदेडहून सासरी गेलेली, आणि माझ्या सासूबाईंचा नियम पक्का. "लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं घोटभर पाणी न्हाई. अन् कामाबिगर जायचंच न्हाई." घर मला खायला उठायचं. तेवढ्यात आमच्या गल्लीत गृहसजावटीचा वर्ग निघाला. मॅडम घरं दाखवत शिकवायच्या. फी भरतानाच मी विचारलं, "लातूरलाही नेणार ना?" 'इंटेरिअर' हा शब्द मला तेव्हा धड म्हणताही येत नव्हता.

आधी नांदेडातली घरं पाहिली. दारातून आत आल्यावर नजर कुठं थांबते, उजेड कुठून येतो, एका अंगाला जड सामान झालं की खोली कशी कललेली वाटते, हे मॅडम उभ्या-उभ्या दाखवायच्या. एका घरात मी भिंतीजवळचा पाट उचलायला गेले, तर त्यांनी हात धरला. "ताई, हलवायच्या आधी विचारायचं, इथं कोण बसतं?"

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा पहिला नंबर.

पुढं, लातुरात कुणाच्या ओळखीचं घर आहे का, असं त्यांनी विचारलं. वाक्य संपायच्या आत माझा हात वर.

लेक दारात उभी होती. जरा वाळली होती. एवढ्या बायकांपुढं तिला जवळ घ्यायची मला लाज वाटली. तिनं सगळ्यांना पाणी दिलं, चहा दिला. मी कशालाच हात लावला नाही. लातुरात पाणी नको म्हणणारी मी पहिलीच पाहुणी असेन. बाकीच्या चहा पीत होत्या आणि माझे हात रिकामे. लेकीकडं बघत बसले असते तर रडू आलं असतं, म्हणून पर्समधून टेप काढला आणि खोली मोजायला लागले. खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, खोलीकडं पाठ करून. "पाहुण्याला पाठ दाखवून राहिली ही. सगळा तोल गेला," असं म्हणत मी ती सोफ्याकडं वळवली. मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. लेक नुसती बघत होती. मला वाटलं, आईचं कौतुक वाटतंय.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आधी आजीचे गुडघे विचारले, मग आमच्या मांजरीची चौकशी केली, मग म्हणाली, "आई, खुर्ची मी परत फिरवली. तिथून नांदेडहून येणारी एसटी दिसते. आजीला काय सांगायचं ते मी बघते, पुढच्या वेळी तू टेप घरी ठेव अन् चार दिवसांच्या साड्या घेऊन ये."