मामांना सांगायचं कुणी?

आमच्या मीटिंगला तालुक्या-तालुक्यातून बायका येतात. विषय काहीही असो, चहा आला की गप्पा एकाच ठिकाणी जातात: या महिन्यात कुणाला कधी घाम फुटला? आम्ही शेतीताई. फोनवर ॲप आहे, त्यात हवामान, कीड, खत, सगळ्याचा सल्ला येतो. तो घरोघरी जाऊन सांगायचा, हे आमचं काम. सल्ला देणारा लांब कुठंतरी एसीत बसतो आणि भीती मात्र आमच्या वाट्याला! म्हणून किस्से साठत जातात. आता हसत सांगतो, पण त्या त्या वेळी एकीच्याही अंगात जीव नव्हता.

*

पहिला माझाच. ट्रेनिंगला सर म्हणाले होते, "घाबरायचं काही नाही, तुम्ही फक्त निरोप पोचवायचा." निरोप घेऊन मी शेजारच्या हौसाक्काकडे गेले. उसाच्या खताचा सल्ला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्ये सांगणारा कुठला म्हणायचा?"

"पुण्याचा आसंल की."

"मग ऊस वाळला तर मी पुण्याला जाऊ व्हय? तुझं दार जवळ हाय की!"

सरांनी हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कडी वाजली की मी आधी खिडकीतून बघते, हौसाक्का तर नाही ना.

*

चंदगडच्या पार्वतीच्या वाडीत रेंज नाही. काजूच्या बागेतून टेकडीवर चढायचं, मेसेज उतरवून घ्यायचे आणि खाली यायचं, असा तिचा रोजचा व्यायाम. एकदा वर पोचली, मेसेज घेतले, वळून बघते तर वाटेवर गवा! एवढं मोठं धूड. पळता येईना, ओरडता येईना. हातातल्या फोनवर कुठंतरी बोट लागलं आणि फोन मोठ्यानं बोलायला लागला, "नमस्कार शेतकरी बंधूंनो! विजांचा धोका आहे, उघड्यावर थांबू नका."

गव्यानं कान हलवले आणि मुकाट्यानं झाडीत निघून गेला.

"इतकी वर्सं बोंबलतोय त्यो फोन," पार्वती म्हणाली, "ऐकणारा पयला ह्योच!"

*

मुरगूडकडची शैला. तिच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं मिरचीच्या रोपाचा फोटो दाखवला. पानं आकसलेली. ॲपनं सांगितलं, रोग पसरतो, उपटून जाळून टाका. शैलानं ते वाचलं आणि पुढच्या घरी गेली. अर्ध्या वाटेत तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फक्त रोगट रोपं उपटायची, हे सांगायचंच राहिलं! चपला हातात घेऊन बाई उसाच्या सरीतून पळत सुटली. मिरचीचं रान आलं तेव्हा डोळे मिटूनच घेतले म्हणे.

उघडले, तर सगळी मिरची जाग्यावर. शेतकरी बांधावर बसलेला, बायको मिरचीत उभी.

"बरं झालं आलासा," तो म्हणाला, "जरा हिला समजावून सांगा. उपटाय गेलो तर कोयता घिऊन उभी ऱ्हायलीया!"

शैलानं त्या माउलीचे पायच धरले.

*

पण आमची खरी भीती गावाची नाही, घरची. सबंध गावाला शिकवून आलेली बाई उंबरा ओलांडला की सून होते. सासऱ्याला पेरणी कधी करा, काढणी कधी करा, हे सुनेनं सांगायचं? पार्वतीचे सासरे जेवायला बसले की ती आतून फोनवरचा सल्ला मोठ्यानं लावते. एकदा ते सासूला म्हणाले, "ती कोण बाई रोज जेवताना आपल्या घरात येतीया, तिलाबी वाढ की!"

माझी तऱ्हा वेगळी. मी आत्तींना, म्हणजे सासूबाईंना सांगते, आत्ती मामांना, म्हणजे सासऱ्यांना सांगतात आणि मामांचं उत्तर त्याच वाटेनं परत येतं. उत्तर नेहमी "न्हाय" असंच असतं.

*

हाही माझाच. गेल्या हंगामात सोयाबीन काढणीला अजून थोडे दिवस हवे होते, शेंगा हिरवट होत्या. आणि मेसेज आला: जोराचा पाऊस येणार, काढून झाकून ठेवा. मी दारोदार फिरले. एरवी दहा प्रश्न विचारणारं गाव त्या दिवशी निमूट ऐकायला लागलं, आणि तिथंच मला धडकी भरली. हौसाक्का सगळ्यांच्या आधी रानात उतरली. हिरवट मालाला दर कमी मिळणार, हे कळत असूनही लोकांनी काढलं आणि ताडपत्र्या टाकल्या.

शिवारात एकच रान उभं राहिलं, आमचं. आत्तींच्या हाती निरोप दिला होता. उत्तर आलं, "फोनला म्हणावं, आधी सोयाबीन पिकवून दाव."

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. तिसऱ्या दिवशीही तेच. दारावरून जाणारे लोक थांबायचे, वर बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. पाऊस आला नाही, तर माझ्या शब्दावर गावाचं नुकसान. आला, तर आमचं उभं पीक चिखलात. कशासाठी हात जोडायचे तेच कळेना!

तिसऱ्या दिवशी दुपारी हौसाक्का येऊन पायरीवर बसली. "काय म्हणतोय फोन?"

"आज येणार म्हणतोय."

"बरं," म्हणाली आणि बसूनच राहिली. उठायचं नावच घेईना.

मी अंगणात उभी राहून वर बघत होते. मागून मामांचा आवाज आला. लग्न होऊन आल्यापासून रानाविषयी ते माझ्याशी सरळ कधी बोलले नव्हते.

"सुमन, आभाळाकडं बघतियास ते कशापायी? पडावा म्हणून, का पडू नये म्हणून?"

पायरीवर हौसाक्का, दारात आत्ती. मी पदर सारखा केला.

"पडावा म्हणून, मामा."

मामा वळचणीपाशी गेले. खोचलेला विळा काढला, धार अंगठ्यावर लावून बघितली आणि रानाकडं चालू लागले.