कॉर्न ऑइलची बाटली

"सगळं नॉर्मल आहे," असं डॉक्टरकाका आधी म्हणायचे, मग चष्मा कपाळावर चढवून समोर काय आहे ते बघायचे. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेला माणूस, रिटायर झाला तरी सवय जाईना. माझ्या गाडीचं टायर पंक्चर झालं तेव्हाही वाकून हेच म्हणाले.

समुद्राकाठच्या आमच्या जुन्या अमेरिकन गावात मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. बाकी दोनशे वर्षांची लाकडी घरं आणि हंस. हंस लांबूनच बघावेत. जवळ गेलात तर अंगावर येतात, आमच्या पोस्टमनला विचारा.

ते फार वाढले म्हणून गावाच्या कमिटीने ठरवलं, की त्यांच्या अंड्यांना कॉर्न ऑइल चोळायचं. हंसीण उबवत राहते, पण पिल्लं होत नाहीत. या कामाला काकांनी सभेत हात वर केला.

"काका, तुम्ही कशाला?"

"मेडिकल बॅकग्राउंड आहे ना माझं."

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही निघालो. त्यांच्या हातात बाटली, माझ्या हातात नराला थोपवायला छत्री. मी छत्री उघडून त्या धटिंगणाशी झुंजत होते, आणि काका घरट्यापाशी एक अंडं तळहातावर घेऊन बसलेले. हंसीण चार पावलांवरून फुसफुसत होती.

"काका, तेल लावा लवकर!"

"तेल लावलं की ही बाई महिनाभर वाट बघत बसणार," ते म्हणाले. "आणि मला आधीच माहीत असणार. असं माहीत असून आयांच्या उशाशी मी फार वेळा बसलोय गं. आता नाही होणार."

मी त्यांच्याकडे वळले. छत्री खाली गेली आणि नराने माझ्या पोटरीला चावा घेतला.

काकांनी फॉर्मवर 'काम पूर्ण' लिहिलं. संध्याकाळी मला कांदाभजी खायला बोलावलं. सात-आठ खाल्ल्यावर मी विचारलं, "तेल कुठलं हो?"

"गावाचं," काका म्हणाले.

जूनमध्ये पाच करडी पिल्लं धक्क्याजवळून, कमिटीच्या अध्यक्षबाईंच्या डोळ्यांदेखत पोहत गेली. "तेल बरं नव्हतं बहुतेक," काका त्यांना शांतपणे म्हणाले. मी पाण्याकडे बघत राहिले.

पुढे मुलगी त्यांना लांब प्लेनो शहरात आपल्या घरी घेऊन गेली. गेल्या हिवाळ्यात ते तिथेच वारले. मला फोन आला तेव्हा मी दुकानात होते, तिथेच रडले.

या एप्रिलमध्ये कमिटीने बाटली माझ्या हातात दिली, अनुभव आहे म्हणून. घरट्यात सहा अंडी होती. मी चष्मा कपाळावर चढवला, सगळं नॉर्मल आहे म्हणाले, आणि घरी येऊन कांदा चिरायला घेतला.

भजी मात्र एकटीला फार झाली.