भिंतीकडे तोंड करून

अडचणीत कुणी पैसे मागायला आलं, की माझी गोदाआत्या आधी भिंतीकडे तोंड फिरवायची. मग म्हणायची, "डब्यात हात घाल."

डबा ज्वारीचा. गुलमंडीमागच्या आमच्या दोन खोल्यांत तो चुलीशेजारी असे. कोपरापर्यंत हात घातला की तळाशी चिंधीत बांधलेली पुरचुंडी लागायची. मागणाऱ्यानं ती काढायची, हवे तेवढे पैसे घ्यायचे, बाकीचे परत ज्वारीत पुरायचे. किती आणि कशाला, हे आत्या विचारत नसे. सवड झाली की पैसे तसेच गुपचूप आणून ठेवायचे. तेव्हाही तिची पाठच.

"अडलेल्याचं तोंड बघू नाय," ती म्हणायची. "आपुन इसरतो, त्याला जन्मभर सलतं."

पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत आजोबांना पैठणजवळचं घर एकाएकी सोडावं लागलं होतं. संस्थानी चलनातले हाली रुपये अंगणात पुरलेले, ते उकरायला वेळ मिळाला नाही. वाटेत आत्याचा सगळ्यांत धाकटा भाऊ तापानं फणफणला. गाडीवान आधी रोख मागत होता. त्या भावाचं नाव आत्यानं पुन्हा कधी घेतलं नाही, पण डबा तेव्हापासूनचा.

वडील तिला चिडवायचे, "आक्का, बँकेत ठेव की. व्याज मिळंल."

"बँकेला रविवार असतो. दुखण्याला असतो का?"

मला नोकरी लागली त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. सासर दौलताबादचं, बागायतदार. साखरपुड्याला सूटच हवा, असं माझ्या डोक्यात बसलं आणि पगार तर लांब होता. एका दुपारी मी म्हणालो, "आत्या, जरा अडचण आहे." तिनं तोंड फिरवलं. मी अख्खी पुरचुंडीच काढून घेतली. पगार झाला की ठेवू, कुणाला कळणार आहे?

पुढच्याच रविवारी शेजारच्या जमिलाभाभी धावत आल्या. त्यांची मुलगी मुन्नी बाळंतपणाला आली होती.

"आक्का, मुन्नी की हालत अच्छी नहीं. दवाखानेवाले पहले पैसे भरो बोल रए."

आत्या मेथी निवडत होती. तिनं भिंतीकडे तोंड केलं. "सगळे घे जमिला. मोजत बसू नको."

मी दाराशी पेपर वाचत होतो. भाभींचा हात ज्वारीत शिरला, कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरला आणि थांबला. त्यांनी आत्याच्या पाठीकडे पाहिलं. मी पेपर वर धरला. हाताला चिकटलेले दाणे झटकून भाभी निघून गेल्या.

"घेतले का रं तिनं?" आत्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

भाभींनी नातेवाइकांकडे फिरून पैसे गोळा करेपर्यंत संध्याकाळ झाली. मुन्नी वाचली. बाळ गेलं.

पगार झाल्यावर मी पैसे चिंधीत बांधून ज्वारीत पुरले. दळण काढताना आत्याच्या हाताला पुरचुंडी लागली. "बघ, असल्या दुखातबी आणून ठेवले. लई इमानाची बाई." तिचे डोळे भरून आले होते. सूट घालून माझा साखरपुडा झाला.

भाभी मात्र पुन्हा आमच्या दारात आल्या नाहीत. आत्यानं हाक मारली तर खाली मान घालून निघून जायच्या. शेवटच्या दुखण्यात आत्या अंथरुणावरून मला विचारायची, "जमिला येत का नाय रं? पैसे तर कवाच पोचले. जा, सांग तिला."

"सांगतो," मी म्हणायचो. भिंतीपलीकडचं घर, पण मी कधी गेलो नाही.

आत्याला उचलण्याआधी भाभी आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो. "भाभी, त्या दिवशी डब्यात..."

"जाने दो भैया," त्या म्हणाल्या. "आक्का के पैसे थे, आक्का की मर्जी."

तेवढ्यात कुणीतरी मला खांदा द्यायला हाक मारली. मी गेलो. जायला कारण मिळालं म्हणून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

भाभी पुढे मुन्नीकडे राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. डबा आता माझ्या घरी आहे. तळाशी पैसेही आहेत. मागायला कुणी येत नाही, आणि आलं तरी आत्यासारखं तोंड फिरवणं मला जमणार नाही. ते मी एकदा पेपराआड करून बसलो आहे.