उज्ज्वला गोरं करून देत नाही

दिग्रसच्या बसस्टँडमागे उज्ज्वला राठोडचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा. तांड्यावरून ती रोज स्कूटीने येते.

चार वर्षांपूर्वी पुसदच्या एका प्रशिक्षणात तिने टाकीत वाढवलेलं सूक्ष्म शेवाळ पहिल्यांदा पाहिलं. नुसत्या डोळ्यांना पाणी हिरवं दिसत होतं, एवढंच. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की याचा अर्क त्वचेतला ओलावा धरून ठेवायला मदत करतो, कोरडी त्वचा शांत करतो, आणि उन्हाचा मारा सोसायलाही थोडा उपयोगी पडू शकतो.

"मॅडम, रंग उजळते काय?" उज्ज्वलाने विचारलं.

"नाही. आणि उजळतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका."

या उत्तराने उज्ज्वलाला त्या अर्काची खात्री पटली. आजवर क्रीम विकायला येणाऱ्या कुठल्याही एजंटने तिला 'नाही' म्हटलं नव्हतं.

त्या अर्काच्या क्रीमची डबी ती घरी घेऊन आली. सासूने, बसंतीबाईने, डबी उघडून वास घेतला. "नाल्यातली शेवाळ तोंडाले लावतं काय कोनी?"

"नाल्यातली नाही, याडी," सासूला ती बंजारा बोलीत आईच म्हणायची. "स्वच्छ टाकीत वाढवतात."

उज्ज्वलाने आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला ते क्रीम लावून तीन दिवस पाहिलं. खाज नाही, लाली नाही. मग कापूस वेचून खरखरीत झालेल्या सासूच्या हातांना रोज लावू लागली. पंधरा दिवसांत हात मऊ पडले. बसंतीबाईने कौतुक केलं नाही. डबी मात्र स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवली.

गेल्या फेब्रुवारीत बोरी अरबहून कोकिळाबाई आपल्या मुलीला, मोनालीला घेऊन आल्या. मोनालीने तोंडावरची ओढणी सोडली, तेव्हा उज्ज्वलाने तिला उजेडाकडे वळवलं. गाल लालभडक, कातडी पातळ आणि सोललेली, बारीक फोड. शेजारणीच्या सांगण्यावरून पोरगी आठ महिने गोरं करणारी एक ट्यूब लावत होती.

"मे महिन्यात लगन आहे," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं ते शेवाळाचं क्रीम आहे म्हणे. लावा, अन् पोरीले चांगली करा."

"मी आज काहीच लावत नाही," उज्ज्वला म्हणाली. "ट्यूब दाखवा."

ट्यूबवरची घटकांची नावं वाचून तिला जी शंका आली तीच खरी ठरली. दुसऱ्या दिवशी पार्लर बंद ठेवून ती दोघींना यवतमाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि ट्यूब कशी थांबवायची ते समजावलं. थांबवल्यावर सुरुवातीला त्रास वाढेल, हेही सांगितलं.

तसंच झालं. आठवड्याने कोकिळाबाईंचा फोन आला. "तुमच्या नादी लागून पोरीचं तोंड अजून बिघडलं! आता नवरदेवाच्या घरी काय सांगू?"

"काकू, डॉक्टर हेच म्हणले होते. औषध सोडू नका. मी उद्या येतो."

ती गेली. मोनाली आतल्या खोलीत आरशाकडे पाठ करून बसली होती.

"ताई, खरं सांग. पहिल्यासारखं होईन काय?"

"बरंचसं होईन. वेळ लागते. पन ट्यूब परत लावली तर होनार नाही. तेवढं तुले नक्की सांगतो."

मोनालीने उशीखालून दुसरी, न उघडलेली ट्यूब काढली आणि तिच्या हातात दिली.

एप्रिलमध्ये आग आणि फोड ओसरले. कोरडेपणा राहिला होता. उज्ज्वलाने आपल्या क्रीमची डबी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी घटक वाचले, सुगंध नाही हे पाहिलं आणि आधी कानामागे लावून बघायला सांगितलं. तिथे त्रास झाला नाही, तेव्हा ते रोज लावायला सुरुवात झाली. त्वचेची ओढ थांबली. हसताना गाल दुखेनासे झाले. लाली पुरती गेली नव्हती.

"औषधानं बरं केलं," उज्ज्वला कोकिळाबाईंना म्हणाली. "शेवाळानं कातडीले आराम दिला. दोघांचं काम येगळं आहे."

हळदीच्या दिवशी ती बोरी अरबला मुद्दाम लवकर पोचली आणि पाटाशेजारीच उभी राहिली. तोंडाला हळद लावायला डॉक्टरांनी मना केलं होतं. एका मावशीने हात पुढे केला, तशी उज्ज्वला मध्ये आली.

"मावशी, हाताले लावा, पायाले लावा. तोंड सोडा."

"असं कुठं असते काय व? बिनहळदीची नवरी?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. उज्ज्वला उत्तर देणार एवढ्यात कोकिळाबाईच पुढे आल्या. त्यांनी मावशीच्या हातातली वाटी घेतली, मोनालीसमोर बसल्या आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळेधमक करून टाकले.

"झाली हळद," त्या म्हणाल्या. "आता गाने म्हना."